टाचेवरचा भार

टाचदुखीचा रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा एक एक्स-रे असतो आणि कानात दोन शब्द : "हाड वाढलंय." फिल्मवर टाचेच्या हाडाच्या तळाशी पुढे आलेलं अणकुचीदार टोक दिसत असतं. घरी आल्यावर ते सगळ्यांना दाखवलं जातं. टाचेत काहीतरी टोचतंय ही भावना आणि चित्रात दिसणारं टोक यांची सांगड इतकी चपखल बसते की पुढे कोणी शंका काढत नाही. मग ते हाड विरघळवणाऱ्या औषधांची, ते झिजवणाऱ्या तेलांची आणि शेवटी ते कापून काढणाऱ्या डॉक्टरांची चौकशी सुरू होते.

गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या अभ्यासांनी धक्का दिला तो याच वाढलेल्या हाडाला. टाच दुखणाऱ्यांत असं टोक जास्त आढळतं हे खरं. पण टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही ते सापडतं आणि वर्षानुवर्षं लंगडणाऱ्या कित्येकांच्या फिल्मवर ते नसतं. दुखणं थांबलं तरी टोक जागेवरच राहतं. वय आणि वजन वाढतं तसं त्याचं प्रमाण वाढत जातं. म्हणजे टाचेने सोसलेल्या ताणाची ती एक खूण आहे. तिला गुन्हेगार ठरवून सोडलं की खरा प्रश्न बाजूलाच राहतो : या टाचेवर रोज किती भार पडतो आणि त्यातला किती ती पेलू शकते? टाचदुखीची कारणं, उपचार, ती बरी व्हायला लागणारा काळ आणि तिच्यासोबत जगण्याची पद्धत, या सगळ्याचा विचार याच प्रश्नापासून करावा लागतो.

गादी आणि पट्टा

पावलात २६ हाडं असतात आणि त्यांतलं सर्वांत मोठं टाचेचं. चालताना बहुतेकांचं पाऊल आधी टाचेवर टेकतं. त्या क्षणी शरीराच्या वजनाहून थोडा जास्तच भार तिच्यावर येतो. धावताना तो वजनाच्या दोन-तीन पटींवर जातो. तो झेलायला दोन व्यवस्था आहेत. पहिली टाचेखालची चरबीची गादी. ही चरबी सैल नसते. चिवट तंतूंच्या बारीक कप्प्यांत ती घट्ट बसवलेली असते, त्यामुळे दाब आला तरी ती बाजूला पळत नाही. चाळिशीनंतर मात्र ही गादी हळूहळू लवचीकपणा गमावू लागते.

दुसरी व्यवस्था म्हणजे प्लँटार फॅशिया नावाचा जाड, पांढरा, फारसा न ताणला जाणारा पट्टा. टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या अंगाला त्याचं मूळ असतं. तिथून तळपायभर पसरत जाऊन तो पाच फाट्यांनी बोटांच्या मुळांशी पोचतो. पायाची कमान तोलून धरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. चालताना टाच उचलली गेली की बोटं वर वळतात, बोटांच्या सांध्यांभोवती हा पट्टा ओढला जातो, कमान उंचावते आणि एरवी मऊ असलेलं पाऊल शरीर पुढे ढकलण्याइतकं ताठ होतं. जे. एच. हिक्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९५४ साली ही यंत्रणा उलगडून दाखवली. रहाटावर दोर गुंडाळत जावा तसा हा प्रकार. दिवसाला काही हजार पावलं टाकणाऱ्या माणसाच्या पायात तो तितक्याच वेळा घडतो.

जुनाट टाचदुखीत बहुसंख्य रुग्णांचं दुखतं ते या पट्ट्याचं हाडाजवळचं मूळ. लक्षणं ठरलेली असतात. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिलं पाऊल टेकवत नाही. थोडं चाललं की दुखणं ओसरतं. बराच वेळ बसून उठलं की पुन्हा कळ येते आणि दिवसभर उभं राहावं लागलं तर संध्याकाळी टाच ठणकू लागते. तळाशी, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं की रुग्ण पाय मागे ओढतो. निदानाला बहुतेक वेळा एवढं पुरतं. सोनोग्राफीत पट्ट्याची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली तर निदानाला दुजोरा मिळतो. एक्स-रे लागतो तो दुसरं काही नाही ना, एवढं पाहण्यापुरता.

सूज की झीज

या दुखण्याकडे दीर्घकाळ सूज म्हणून पाहिलं गेलं आणि उपचारही सूज उतरवण्याचेच झाले : वेदनाशामक गोळ्या, बर्फ, स्टेरॉइडची इंजेक्शनं. २००३ साली अमेरिकेतल्या हॅरी लेमॉन्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या पट्ट्याचे ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तिथे दाहाच्या पेशी सापडल्या नाहीत. दिसले ते विस्कटलेले, झिजलेले तंतू. या निष्कर्षाला एक मर्यादा आहे. शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेले रुग्ण म्हणजे जुनाटांतले जुनाट. सुरुवातीच्या आठवड्यांत सूज नसतेच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण महिनोन् महिने दुखणाऱ्या टाचेपुरता अर्थ स्पष्ट आहे. पट्ट्याची रोज होणारी झीज रोज होणाऱ्या डागडुजीपेक्षा जास्त झाली आहे. हे गणित पुन्हा जुळवायचं तर झीज कमी करायला हवी आणि पट्ट्याची ताकद वाढवायला हवी. सूज उतरवणाऱ्या गोळीने यातलं काहीच होत नाही. तिच्यामुळे दिवस निघतो, इतकंच.

कोणाची टाच दुखते

याच २००३ साली डॅनियल रिडल आणि सहकाऱ्यांनी टाच दुखणारे ५० जण आणि न दुखणारे १०० जण यांची तुलना केली. धोका वाढवणाऱ्या तीन गोष्टी पुढे आल्या : घोट्यातून पाऊल वरच्या दिशेला पुरेसं न वळणं, लठ्ठपणा आणि दिवसाचा बराचसा वेळ पायांवर काढायला लावणारं काम. पहिली गोष्ट सर्वांत जोरकस ठरली. पोटरीचे स्नायू आखडलेले असले की चालताना घोटा वळत नाही आणि त्याची भरपाई तळपायाच्या पट्ट्याला करावी लागते. उकिडवं बसल्यावर ज्यांच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत, त्यांनी आपल्या पोटऱ्यांकडे लक्ष द्यायला हरकत नाही.

तिसऱ्या कारणाची माणसं आपल्याभोवती पसरली आहेत. बंदोबस्तावरचा पोलीस, फळ्यापुढे तास घेणारी शिक्षिका, वॉर्डातली परिचारिका, सलूनमधला कारागीर, साडीच्या दुकानातली सेल्सगर्ल, सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन आणि अर्थातच ओट्यापाशी दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारी गृहिणी. हे दुखणं सर्वांत जास्त दिसतं ते चाळिशी ते साठीच्या दरम्यान. घरात अनवाणी वावरायची आपली रीत जुनीच आहे. पण शेणाने सारवलेली जमीन गेली आणि शहाबादी, मग मार्बल, मग टाइल्स आल्या. त्या फरशीवर त्याच अनवाणी पायांनी तासन् तास उभं राहणं झिजलेल्या गादीला मानवत नाही. ज्यांचं कोल्हापुरीवर प्रेम आहे त्यांनी तिला दोष देण्याचं कारण नाही. पण तिचा सपाट, कडक तळ दुखऱ्या टाचेला आधार देत नाही हेही खरं.

भार अचानक वाढणं हे आणखी एक कारण. एरवी दिवसभर खुर्चीत बसणारे लोक नवरात्रात नऊ दिवस अनवाणी फिरतात, डांबरी रस्त्यावरून पहाटे मंदिरापर्यंत चालत जातात. आषाढीच्या वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचं अंतर सराव नसलेले लोकही उत्साहाने चालतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं १६०० मीटरची वेळ कमी करायची म्हणून अचानक रोज डांबरी रस्त्यावर धावू लागतात. श्रद्धा किंवा जिद्द यांचा टाचेशी वाद नाही. तिला सवय व्हायला आठवडे लागतात आणि आपण तिला एक रात्र देतो. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी महिना-दीड महिना आधीपासून थोडं थोडं वाढवत जावं, एवढाच याचा बोध.

सगळी टाचदुखी एक नव्हे

टाच दुखते म्हणून प्रत्येक वेळी दोष पट्ट्याचाच असतो असं नाही, आणि इथे चूक महाग पडू शकते. तिशीच्या आतल्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील, सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो मणक्याचा संधिवात असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा लागतो. टाचेच्या व्यायामांत वर्षं घालवली तर मणक्याचं नुकसान होतं. धावणं अचानक वाढवलेल्या माणसाची टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. ती पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. जळजळ, मुंग्या, रात्री झोपेतही ठणका ही लक्षणं घोट्याजवळ दाबल्या गेलेल्या मज्जातंतूकडे बोट दाखवतात. आठ ते चौदा वर्षांच्या खेळकर मुलाची टाच मागून दुखते ती बहुधा वाढीच्या वयातल्या हाडामुळे, आणि वय वाढलं की ती आपोआप थांबते. टाचेच्या मागे, चप्पलचा पट्टा घासतो तिथे दुखत असेल, तर प्रश्न पोटरी टाचेला जोडणाऱ्या शिरेचा असतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविकं घेताना ही शीर दुखू लागली तर डॉक्टरांना लगेच सांगायला हवं. या औषधांनी ती तुटण्याचा धोका वाढतो, आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला.

महाराष्ट्रात आणखी एक शक्यता विसरता येत नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. २००६ च्या साथीने तर राज्याची गावंच्या गावं अंथरुणाला खिळवली, आणि त्यानंतर हा आजार इथून गेलेला नाही. ताप उतरल्यावरही घोटे, पावलं आणि मनगटं महिनोन् महिने दुखत राहतात. "तापानंतर टाचा धरल्यात" असं सांगणाऱ्या रुग्णाची गोष्ट वेगळी असते; ती टाचेपासून नव्हे, तापापासून ऐकायला हवी.

युरिक अ‍ॅसिडचं मात्र उलटं झालं आहे. टाच दुखली की रक्ततपासणी, आकडा थोडा वर गेला की डाळी बंद, ही साखळी सर्रास दिसते. रक्तातला वाढलेला आकडा म्हणजे गाउट नव्हे. तो आजार एकाएकी, लालबुंद सुजेसह आणि बहुधा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात उसळतो. रोज सकाळच्या पहिल्या पावलाला दुखून नंतर शांत होणारी टाच त्या वर्णनात बसत नाही.

उपाय आणि त्यांचे पुरावे

टाचदुखीवरच्या उपायांची यादी लांबलचक आहे, आणि एखाद्या दुखण्यावर इतके उपाय असले की त्यांतला एकही पुरता लागू पडत नाही असं समजायला हरकत नसते. तरीही सगळे सारखे नाहीत.

सर्वांत स्वस्त उपायाचा पुरावा बऱ्यापैकी आहे. २००३ मध्ये बेनेडिक्ट डिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी किमान १० महिने टाच दुखणाऱ्या १०१ रुग्णांवर एक साधा व्यायाम आजमावला. बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हाताने बोटं नडगीच्या दिशेला ओढायची, १० आकडे मोजायचे आणि सोडायचं. असं १० वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी. आठ आठवड्यांनी हा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं फक्त पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं होतं.

ताणण्याच्या पुढची पायरी म्हणजे ताकद. डेन्मार्कच्या मिकेल राथलेफ यांनी २०१५ मध्ये ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, एका पायावर टाच उचलायची : तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. जमू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन टाकत जायचं. तीन महिन्यांनी हा गट ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या स्पष्टपणे पुढे होता. वर्षाच्या शेवटी मात्र दोन्ही गट बरोबरीला आले. पुढे २०२३ मध्ये डेन्मार्कमध्येच १८० रुग्णांचे तीन गट केले गेले. एकाला फक्त नीट सल्ला आणि टाचेखाली ठेवायची गादी, दुसऱ्याला त्याशिवाय ताकदीचे व्यायाम, तिसऱ्याला त्याही पुढे स्टेरॉइडचं इंजेक्शन. तिन्ही गट सुधारले. सगळं मिळालेला गट थोडा पुढे राहिला, पण रुग्णाला ठळक जाणवेल इतका फरक नव्हता. हा निकाल इंजेक्शन विकणाऱ्यांइतकाच व्यायाम विकणाऱ्यांनाही नम्र करणारा आहे. आपल्याला काय झालंय आणि भार कसा सांभाळायचा हे नीट कळणं हाच उपचाराचा मोठा भाग ठरला.

बुटात ठेवायच्या इनसोलबाबत ऑस्ट्रेलियातल्या कार्ल लँडॉर्फ यांचा २००६ चा अभ्यास वाचण्यासारखा आहे. १३५ रुग्णांपैकी काहींना पायाचं माप घेऊन बनवलेले इनसोल दिले, काहींना तयार मिळणारे, काहींना नुसता मऊ फोम. तीन महिन्यांनी पहिल्या दोन गटांचं चालणं-वावरणं किंचित सुधारलं. वर्षानंतर तिघांत फरक उरला नाही. मापाचे महागडे इनसोल तयार इनसोलपेक्षा कधीच सरस ठरले नाहीत. घरात वापरायच्या मऊ चपलेची गोष्ट वेगळी आणि आपली आहे. मेडिकलमध्ये टाचदुखीसाठी म्हणून मिळणारी एमसीआर चप्पल ज्या सूक्ष्म छिद्रांच्या रबराची असते, त्याची पादत्राणं गेल्या शतकाच्या मध्यावर डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूत वेल्लोर-करिगिरी परिसरात कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी विकसित केली. टाइल्सवर अनवाणी उभं राहण्यापेक्षा ती केव्हाही बरी. मात्र एक-दोन वर्षांत रबर दबून कडक होतं तेव्हा ती बदलावी लागते. पुष्कळांची चप्पल दिसायला शाबूत आणि कामातून गेलेली असते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाची कीर्ती त्याच्या पहिल्या महिन्यावर उभी आहे. अँड्र्यू मॅकमिलन यांच्या २०१२ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ८२ रुग्णांपैकी इंजेक्शन मिळालेल्यांचं दुखणं चौथ्या आठवड्यात कमी होतं. आठव्या आणि बाराव्या आठवड्यात तो फायदा ओसरला होता. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानेही, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासानेही, साधारण तेच सांगितलं : महिनाभर किंचित आराम, पुढे काही नाही. धोका अधूनमधून येतो, पण तो लहान नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७६५ रुग्णांपैकी ५१ जणांचा पट्टा तुटलेला सापडला आणि त्यांतल्या ४४ जणांच्या बाबतीत आधी दिलेल्या इंजेक्शनाचा संबंध दिसला. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय आणि उभं राहवत नाही, अशा वेळी इंजेक्शन घेणं समजू शकतं. दर दोन महिन्यांनी ते घेत राहणं समजणं अवघड आहे.

शॉकवेव्ह म्हणजे टाचेवर यंत्राने ध्वनिलहरींचे ठोके देण्याचा उपचार. अमेरिकेत २००० साली त्याला मान्यता मिळाली. २००२ मध्ये मेलबर्नच्या रेचेल बुखबाइंडर यांनी १६६ रुग्णांवर खरे आणि लुटुपुटीचे ठोके देऊन तुलना केली तेव्हा फरक सापडला नाही. पुढे २०१५ मध्ये २५० रुग्णांच्या एका चाचणीत खरे ठोके सरस ठरले. यंत्र, जोर आणि रुग्णांची निवड यांवर निकाल बदलतो. २०२१ मध्ये लंडनच्या डिलन मॉरिसी आणि सहकाऱ्यांनी सगळ्या पुराव्यांचा आढावा घेऊन क्रम लावून दिला : आधी ताणण्याचे व्यायाम, टेप लावून पट्ट्याला आधार देणं आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं, त्याने भागलं नाही तर शॉकवेव्ह, त्यानंतर इनसोल. शस्त्रक्रियेचा विचार वर्षभर हे सगळं करून झाल्यावर. पट्टा कापला की कमानीचा आधारही जातो आणि काहींना पायाच्या बाहेरच्या बाजूला नवीन दुखणं लागतं.

आयुर्वेदात या दुखण्याशी जुळणारा वातकंटक सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात येतो. पाऊल वेडंवाकडं पडणं हे कारण तिथे दिलं आहे. टाचेवरच्या भाराचा विचार इतका जुना आहे. तापवलेल्या शलाकेने डाग देण्याचं अग्निकर्म आजही वैद्य करतात आणि आराम पडल्याचं सांगणारे रुग्ण भेटतात. त्यावरचे अभ्यास मात्र बहुतांशी छोटे आहेत, आणि चटका बसलेल्या रुग्णाला तो बसला की नाही हे कळू न देता तुलना करणं अवघडच असतं. घराघरांतला उपाय म्हणजे गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकणं. उबेने बरं वाटतं, पोटरी सैल होते, त्यात वावगं काही नाही. पण मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी या वाटेला जाऊ नये. २०२३ च्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही, आणि त्या एका फोडातून पुढची जखम सुरू होऊ शकते.

किती दिवस?

रुग्णाचा पहिला प्रश्न हा असतो आणि त्याचं ठरीव उत्तर असं : दहापैकी आठ-नऊ जण वर्षभरात बरे होतात. हे उत्तर दिलासा देणारं आहे, पण अपुरं. लिझेलोट हान्सेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये डेन्मार्कमधल्या १७४ रुग्णांचा दीर्घकाळ घेतलेला मागोवा प्रसिद्ध केला. वर्षभरानंतर सुमारे ८० टक्के रुग्णांना दुखणं होतंच. पाच वर्षांनी निम्म्यांना. पंधरा वर्षांनीही ४४ टक्क्यांना. बायका आणि दोन्ही टाचा दुखणारे जास्त रेंगाळले. हे रुग्ण तज्ज्ञांपर्यंत पोचलेले, म्हणजे मुळातच चिवट दुखण्याचे होते. शेजारच्या काकूंची टाच चार महिन्यांत बरी झाली तर ती या मोजणीत आलीच नसती. दोन्ही आकडे एकत्र ठेवले तर चित्र असं दिसतं : बहुतेकांचं दुखणं दवाखाना गाठण्याआधीच किंवा त्यानंतर थोड्या काळात जातं, ज्यांचं जात नाही, त्यांचं वर्षानुवर्षं राहू शकतं. दुसऱ्या गटातल्या माणसाला "वर्षभरात जाईल" असं सांगितलं की तेराव्या महिन्यात तो स्वतःला अपयशी ठरवतो आणि नव्या डॉक्टरच्या, नव्या मशीनच्या शोधात निघतो.

दुखण्यासोबतचा दिवस

जुनाट टाचदुखीत माणूस कामचुकार ठरतो. प्लास्टर नाही, सूज नाही, काठीही नाही. वर दहा पावलं चालल्यावर तो सरळ चालू लागतो, मग दुखत होतं कुठे? घरातल्या बाईची टाच तर घराच्या हिशेबातच नसते. पाय दुखतो म्हणून ती स्टुलावर बसून पोळ्या लाटते तेव्हा पाहुणे हसतात. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत दीर्घकाळ टाच दुखणाऱ्यांत चिंता आणि नैराश्य जास्त आढळलं आहे. वेदना मनातून येते असा याचा अर्थ नाही. रोज सकाळी पहिल्या पावलाची धास्ती घेऊन उठणाऱ्या माणसाचं मन शांत कसं राहील, एवढाच.

वजनाचा सल्ला तर रुग्णाला कोंडीत पकडतो. वजन कमी करा म्हणजे टाच बरी होईल. वजन कमी करायला चाला. चालल्यावर टाच दुखते. यातून वाट आहे, फक्त ती चालण्याच्या रस्त्यावरून जात नाही. सायकल, पोहणं, खुर्चीत बसून किंवा आडवं पडून करायचे व्यायाम आणि ताटातला बदल यांनी सुरुवात करता येते. टाच निवली की चालणं वाढवावं.

पूर्ण विश्रांतीही कामाची नाही. पडून राहिल्याने पट्टा आणखी कमजोर होतो आणि उठल्यावर तोच भार त्याला जड जातो. भार मोजायला घरात असलेलं एक साधन पुरतं : दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल. काल जास्त चाललो आणि आज पहिलं पाऊल कालच्यासारखंच पडलं, तर तेवढं चालणं टाचेने पेललं. आज ते जास्त दुखलं, तर पुढचे दोन-तीन दिवस थोडं मागे यायचं. चालताना किंवा व्यायाम करताना होणारी थोडी वेदना म्हणजे इजा नव्हे, हे एकदा पटलं की धास्ती कमी होते. सकाळी पायाची बोटं ओढून घेणं, पलंगाशेजारी चप्पल ठेवणं, ओट्यापाशी रबरी पायपोस आणि उंच स्टूल, एका वेळी लांब उभं राहण्याऐवजी मधे मधे टेकणं : या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण टाचेवरचा दिवसाचा भार याच ठरवतात.

बसू देणार कोण?

आता ही सगळी पथ्यं कपड्याच्या दुकानात दहा तास उभ्या असणाऱ्या मुलीला सांगून पाहा. मधे मधे टेका, असं तिला सांगायचं तर आधी तिथे टेकायला काहीतरी हवं. गिऱ्हाईक नसतानाही बसायचं नाही हा पुष्कळ दुकानांचा अलिखित नियम असतो. बसलेला माणूस मालकाला रिकामा दिसतो. तिच्यापुरती टाचदुखी हा कामाच्या अटींचा प्रश्न आहे आणि त्याचा उपचार डॉक्टरच्या हातात फक्त अर्धा आहे.

हा विचार नवा नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय ठेवण्याची तरतूद केली, म्हणजे काम करता करता उसंत मिळेल तेव्हा त्यांना टेकता यावं. दुकानं मात्र कारखाना नव्हेत. केरळात कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये त्या राज्याने दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तीच वाट धरली. या बायकांनी वैद्यकीय अहवाल पुढे केले नव्हते. पाय दुखतात, सुजतात, एवढंच त्या सांगत होत्या. संशोधकांनी नंतर मोजून सांगितलेली गोष्ट त्यांना आधीच ठाऊक होती.

म्हणून टाचदुखीच्या रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न एक्स-रेचा असू नये. दिवसातले किती तास उभं राहता, कशावर, काय घालून आणि मधे बसता येतं का, हे विचारलं तर निम्मं निदान आणि बराचसा उपचार त्याच उत्तरात सापडतो. बसता येत नसेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या वर एक ओळ यायला हवी : कामाच्या जागी बसायची सोय आवश्यक. ही ओळ वाचून मालक कुरकुर करेल, कदाचित दुर्लक्षही करेल. पण लेखी मागणी झाली की तिला उत्तर द्यावं लागतं, आणि प्लास्टिकचं स्टूल शॉकवेव्हच्या एका सत्रापेक्षा स्वस्त मिळतं.